तुमचे पूर्वज कोठे आहेत?



देव्हारा रिकामा करून त्या जागी तथागतांची व बाबासाहेबांची प्रतिमा ठेवली म्हणजे नवदीक्षित कुटुंबाचे सर्व प्रश्न संपले असे होत नाही. लग्न कोणत्या विधीने लावावयाचे, मुलाचे नाव काय ठेवावयाचे, पौर्णिमेला काय करावयाचे, हे विहारात चार वेळा गेले की समजते. परंतु एक प्रश्न असा आहे की तो निघाला म्हणजे घरातील म्हातारे माणूस गप्प बसते. तो मेलेल्यांविषयीचा आहे. दीक्षेच्या वेळी आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या. त्यांत श्राद्धपक्ष व पिंडदान करणार नाही अशी एक प्रतिज्ञा आहे. तदनुसार भाद्रपदात कावळ्याला घास ठेवणे बंद झाले. ते योग्यच झाले. पण ज्या आजीने दुसऱ्याच्या शेतात खुरपून आपल्या बापाला शिकविले आणि जी दीक्षेचा दिवस पाहण्यापूर्वीच गेली, तिचे काय? तिला बुद्ध ठाऊक नव्हता. ती मरीआईला नैवेद्य दाखवीत असे. ती आता कोठे आहे?

हा प्रश्न मनात सलत असतानाच एखादे दिवशी वस्तीत पाद्री येतो, किंवा शेजारचा ख्रिस्ती गृहस्थ ओट्यावर बसून मोठ्या कळकळीने सांगू लागतो, की जगाचा एक शेवटचा दिवस येणार आहे, त्या दिवशी सर्व मृत उठतील, त्यांचा न्याय होईल, आणि ज्यांनी येशूला तारणारा म्हणून स्वीकारले नाही ते सर्व सार्वकालिक अग्नीत जातील. त्याच्या हेतूविषयी आम्ही शंका घेत नाही. आपल्या घराला आग लागली आहे असे ज्याला खरोखर वाटते तो शेजाऱ्याला हाका मारणारच. पण त्याच्या बोलण्यातून तुमच्या आजीचा निकाल आपोआप लागून जातो, आणि तो ऐकून घरात जे मौन पसरते त्याविषयी आज आम्हांस लिहावयाचे आहे.

उत्तर देण्यापूर्वी त्याची शिकवण नीट समजून घ्या. न समजता केलेली टिंगल आपल्याला शोभत नाही. अंतिम न्यायाचे सर्वांत प्रसिद्ध वर्णन मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायात आहे. ख्रिस्त राजा म्हणून सिंहासनावर बसेल, सर्व राष्ट्रे त्याच्यापुढे गोळा होतील, आणि मेंढपाळ जशी मेंढरे व शेरडे वेगळी करतो तसे तो माणसांस उजवीकडे व डावीकडे करील. येथवर पाद्री सांगतो ते बरोबर आहे. पण त्या राजाने कोणते प्रश्न विचारले ते त्याला अवश्य विचारा. भुकेल्यास अन्न दिले काय, तान्हेल्यास पाणी दिले काय, परक्यास घरात घेतले काय, उघड्यास वस्त्र दिले काय, आजाऱ्याची व बंदिवानाची विचारपूस केली काय, हे ते प्रश्न होत. तुमचा विश्वास कोणावर होता, बाप्तिस्मा कोठे झाला, यांतील एकही प्रश्न त्या प्रसंगी नाही. उजवीकडे गेलेल्यांना तर आपण कोणाची सेवा करीत होतो हेही माहीत नव्हते.

ही कसोटी वाचली की आम्हांस महाडची आठवण होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले आणि त्यानंतर ज्यांनी गोमूत्र व शेण घालून ते तळे शुद्ध करून घेतले, त्यांना तान्हेल्याविषयीचा प्रश्न कोणी विचारला तर ते काय सांगणार होते? आणि आपल्या अर्ध्या भाकरीतील तुकडा शेजारच्या पोराला देणाऱ्या आपल्या आजीला या प्रश्नांचे भय का असावे?

मात्र त्याच ग्रंथात दुसरा सूरही आहे, हे लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. योहानकृत शुभवर्तमानाच्या ३ ऱ्या अध्यायात विश्वास ठेवणाऱ्यास जीवन आणि न ठेवणाऱ्याचा निकाल लागून गेलेला, असे स्पष्ट आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या २ ऱ्या अध्यायात संत पौल म्हणतो की ज्यांना नियमशास्त्र मिळाले नाही त्यांच्याही अंतःकरणात ते लिहिलेले असते. हे तीन सूर एका माळेत ओवण्याचा उद्योग ख्रिस्ती पंडित सुमारे दोन हजार वर्षे करीत आले आहेत. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा ओरिजन म्हणे की शेवटी सर्वच जीव देवाकडे परत येतील. चर्चने पुढे ते मत त्याज्य ठरविले. त्याच शतकात कार्थेजच्या बिशप सिप्रियनने चर्चबाहेर तारण नाही असे सांगितले. ऑगस्टीनने बाप्तिस्म्यापूर्वी मेलेल्या तान्ह्या बालकांनाही शिक्षेतून सोडले नाही, त्यांची शिक्षा सर्वांत सौम्य असेल एवढीच सवलत दिली. १४४२ साली फ्लॉरेन्सच्या परिषदेने मूर्तिपूजक, यहुदी व चर्चपासून फुटलेले हे सर्व अग्नीत जातील असे जाहीर केले. कॅल्विनच्या मताप्रमाणे तर कोण तरणार हे देवाने जगाच्या आरंभापूर्वीच ठरवून ठेवले आहे. इटलीचा महाकवी दान्ते हा निष्ठावंत ख्रिस्ती. पण त्यालाही आपल्या काव्यात विचारावेसे वाटले की सिंधू नदीच्या काठी, जेथे ख्रिस्ताचे नाव सांगणारे कोणी नाही, तेथे जन्मलेला निर्दोष मनुष्य कोणत्या न्यायाने दोषी ठरतो? त्याने स्वर्गात दिलेले उत्तर असे की देवाचा न्याय माणसाच्या दृष्टीच्या टप्प्यात येत नाही. प्रश्न आमच्या बाजूचा होता. उत्तराविषयी ज्याने त्याने ठरवावे.

पंडितांचा हा वाद ग्रंथात राहिला असता तर त्याच्याशी आपला संबंध नव्हता. पण तो दर वेळी कोणा ना कोणा नवदीक्षिताच्या घरात शिरला आहे. फ्रिसियाचा, म्हणजे आजच्या हॉलंडच्या किनाऱ्याकडील प्रदेशाचा, राजा राडबोड याची गोष्ट ख्रिस्ती चरित्रकारांनीच लिहून ठेवली आहे. तो ७१९ साली वारला. बाप्तिस्म्याच्या कुंडात एक पाय ठेवून त्याने विचारले, माझे पूर्वज स्वर्गात आहेत की नरकात? नरकात, असे उत्तर मिळताच त्याने पाय बाहेर काढला. थोड्याशा परक्या लोकांबरोबर स्वर्गात राहण्यापेक्षा आपल्या माणसांबरोबर नरकात राहणे बरे, असे तो म्हणाला म्हणतात. कथा घडली तशीच असेल असा आमचा आग्रह नाही, पण ती शेकडो वर्षे सांगितली गेली, याचाच अर्थ हा प्रश्न त्या लोकांनाही बोचत होता.

दुसरी हकिकत दंतकथा नव्हे, आणि ती बौद्धांची आहे. संत फ्रान्सिस झेवियर, ज्याचे शव जुन्या गोव्यात बॉम जीझसच्या चर्चमध्ये ठेवलेले आहे, १५४९ साली जपानात उतरला व पुढे यामागुची येथे राहिला. तेथे बौद्ध कुटुंबांतील कित्येक माणसांनी त्याच्या हातून बाप्तिस्मा घेतला. हिंदुस्थानात परतल्यावर १५५२ साली त्याने युरोपातील आपल्या बांधवांस पत्र लिहिले. त्यात तो सांगतो की या नव्या ख्रिस्ती जपान्यांना एकाच गोष्टीचे फार दुःख होते. नरकात गेलेल्यांची सुटका नाही, हे ऐकून ते आपल्या मेलेल्या आईबापांसाठी, बायकामुलांसाठी रडत. प्रार्थनेने, दानधर्माने काही उपाय होईल काय, असे विचारीत. उपाय नाही, एवढेच आपण सांगू शकलो, असे झेवियर लिहितो. आणि इतक्या प्रिय माणसांचे ते रडणे पाहून आपल्यालाही अश्रू आवरणे कठीण जाई, असेही लिहितो. हे पत्र वाचून त्या मिशनऱ्याचा राग येत नाही. तो निर्दय नव्हता. त्याच्या हृदयाला जे दिसत होते ते त्याच्या सिद्धांतात मावत नव्हते, एवढेच. पण यामागुचीची ती माणसे आपली कोण? ज्यांनी नुकताच धर्म बदलला आहे आणि ज्यांना आपल्या मृत माणसांविषयी विचारावयाचे आहे, ती आपल्याच जागी उभी होती.

तिसरी हकिकत आपल्या महाराष्ट्रातील आहे आणि ती फारशी कोणी सांगत नाही. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हे अमेरिकन मराठी मिशनचे मोठे ठाणे. त्या जिल्ह्यातील कित्येक महार व मांग कुटुंबे एकोणिसाव्या शतकात तेथे ख्रिस्ती झाली. १८७४ पासून रॉबर्ट ह्यूम हे मिशनरी त्या ठाण्यात काम करीत होते. पुढे दुष्काळपीडितांसाठी केलेल्या कामाबद्दल त्यांना कैसर-इ-हिंद पदकही मिळाले. त्या सुमारास अमेरिकेतील अँडोव्हर येथील धर्मविद्यालयातील प्राध्यापक असे मत मांडू लागले होते की ज्यांनी आयुष्यात ख्रिस्ताचे नावही ऐकले नाही त्यांना मृत्यूनंतर ते ऐकण्याची एक संधी मिळत असावी. रजेवर मायदेशी गेलेल्या ह्यूम यांनी १८८६ साली या मताविषयी उघड सहानुभूती दाखविली. त्यावरून त्यांच्या मिशनच्या अमेरिकेतील मंडळात वादळ उठले. मेल्यावरही संधी आहे असे म्हटले तर मिशनऱ्यांनी समुद्र ओलांडून जावयाचे कशाला, असा विरोधकांचा सवाल होता. ह्यूम यांना परत पाठवावे की नाही यावर काथ्याकूट झाला, त्यांचे परतणे काही काळ अडले, व अखेर ते नगरला परत आले.

ही हकिकत वाचून आम्ही बराच वेळ विचार करीत राहिलो. नगर जिल्ह्यातील महारवाड्यात जे म्हातारे-कोतारे मरून गेले, ज्यांनी वेशीबाहेर जन्म काढला व गावाची मेलेली ढोरे ओढली, त्यांना नरकातून बाहेर येण्याची संधी द्यावी की नाही याचा खल अमेरिकेतील सभागृहांत होत होता. ज्यांच्या वाडवडिलांविषयी तो चालला होता त्यांतील कोणीही त्या सभेत नव्हता. तरीही ह्यूम यांच्याविषयी आमच्या मनात आदर आहे. ज्या माणसांत मनुष्य बारा वर्षे राहिला, त्यांच्या आजीला अग्नीत टाकणे त्याला जड जाऊ लागले, हे त्याच्या माणुसकीचे लक्षण होय.

पुढे मोठे बदल झाले. रोमच्या कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत १९६४ साली मान्य केले की ज्यांना स्वतःच्या दोषाशिवाय ख्रिस्त माहीत झाला नाही, पण जे विवेकबुद्धीच्या हाकेप्रमाणे वागले, त्यांचेही तारण होऊ शकते. १९६५ साली त्याच परिषदेने इतर धर्मांविषयीच्या आपल्या घोषणेत बौद्ध धर्माचा उल्लेख आदराने केला. २००७ साली रोमच्या धर्मपंडितांच्या आयोगाने बाप्तिस्म्याविना मेलेल्या बालकांविषयीही आशा बाळगण्यास आधार आहे असे म्हटले. प्रॉटेस्टंट पंथांत आजही सर्व मते नांदतात: कोणी अनंत नरक मानतो, कोणी म्हणतो की दुष्ट शेवटी नाहीसेच होतील, कोणी सर्वांच्या तारणाची आशा धरतो. तेव्हा वस्तीत येणारा पाद्री जेव्हा सर्व ख्रिस्ती धर्म असेच सांगतो असे म्हणेल, तेव्हा त्याला नम्रपणे सांगा की तसे नाही. १४४२ साली लागलेला निकाल १९६४ साली पुष्कळसा फिरला. तेवढ्या काळात आपल्या पूर्वजांनी काही केले नव्हते. ते मेलेलेच होते.

आता आपल्याकडे वळू. नरकाची धमकी आपल्याला ख्रिस्ती माणसाने प्रथम दिली असे नाही. आपला अंतिम न्याय फार पूर्वी होऊन गेला होता आणि तो जन्माच्या आधीच झाला होता. मागील जन्मी पाप केले म्हणून या जन्मी महार, मांग, चांभार झालास, हा तो निकाल. आणि त्याची शिक्षा म्हणजे गावकुसाबाहेरचे घर, गळ्यातील मडके व उष्टे अन्न. ख्रिस्ती शिकवणीतला न्यायाधीश निदान माणूस जगून झाल्यावर त्याचा न्याय करतो. येथे तर मूल आईच्या पोटात असतानाच आरोपपत्र तयार होई. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वकर्माच्या या कल्पनेची जी चिरफाड केली, तिचे कारण हेच होते. माणसाच्या दारिद्र्याला व हीनतेला त्याचे मागील जन्म जबाबदार धरले, की समाजाला कोणतीही जबाबदारी उरत नाही. १९३६ साली मुंबईच्या महार परिषदेत केलेल्या ‘मुक्ती कोन पथे?’ या भाषणात मुक्तीचा मार्ग कोणता असे विचारून त्यांनी जो हिशेब मांडला तो याच जगातील माणुसकीचा, समतेचा व स्वातंत्र्याचा होता.

आणि भगवान बुद्ध? त्यांनी स्वतःला मार्गदाता म्हटले, मोक्षदाता म्हटले नाही, हे बाबासाहेबांनी पुनःपुन्हा सांगितले आहे. जो मोक्ष देत नाही तो मोक्ष नाकारीतही नाही, आणि म्हणून त्याच्या दारात उजवी-डावी रांग लागत नाही. संयुत्त निकायात असिबंधकपुत्त नावाच्या गावप्रमुखाची कथा आहे. तो नालंदा येथे भगवंतांस विचारतो की पश्चिमेकडील ब्राह्मण विधी करून मेलेल्या माणसाला स्वर्गात चढवितात. आपणांस सर्व लोकांना स्वर्गात पाठविता येईल काय? भगवंत त्याला उलट विचारतात. खोल डोहात मोठा धोंडा टाकला आणि काठावर जमाव हात जोडून, हे धोंड्या, वर ये, म्हणू लागला तर तो येईल काय? त्याचप्रमाणे तुपाचे मडके डोहात नेऊन फोडले, खापऱ्या तळाशी गेल्या, तूप वर आले, आणि जमाव हात जोडून, हे तुपा, बुड, म्हणू लागला तर ते बुडेल काय? पहिला अर्धा भाग पुष्कळांना ठाऊक असतो. तुम्ही दुसरा लक्षात ठेवा. ज्या बाईने आयुष्यभर कोणाचे वाईट केले नाही तिला बुडविण्यासाठी काठावर कितीही मोठा जमाव जमला, आणि त्यात ब्राह्मण असो, पाद्री असो की उद्या चीवर घातलेला कोणी असो, ती बुडत नाही.

येथे एक कबुली देणे भाग आहे. पाली वाङ्मयात निरयाची, म्हणजे नरकाची, वर्णने नाहीत असे कोणी वादात म्हणू नये. ती आहेत, आणि काही अंगावर शहारे आणणारी आहेत. मज्झिम निकायातील देवदूत सुत्तात यमराजा मेलेल्याची उलटतपासणीही घेतो. भेद एवढा की तो निरय अनंत नाही. कर्माचे फळ सरले की त्याचाही शेवट होतो. शिवाय यम तेथे श्रद्धेविषयी विचारीत नाही. म्हातारपण, आजार व मरण डोळ्यांनी पाहूनही तू चांगले वागण्याचा विचार का केला नाहीस, असे विचारतो. आम्हांस स्वतःला यापेक्षा कालाम सुत्त अधिक जवळचे वाटते. केसपुत्त गावाच्या कालामांना भगवंत सांगतात की परलोक असेल तर निर्वैर माणसाला तेथे भय नाही, आणि परलोक नसेल तर तो येथेच सुखाने जगला. मेल्यानंतर काय, हे निश्चित न करताही माणसाला निर्भय होता येते, असे सांगणारा शास्ता आपल्याला लाभला आहे.

कायद्याविषयीही थोडे बोलले पाहिजे. राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने प्रत्येकाला आपला धर्म पाळण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. पाद्र्याला तुमच्या ओट्यावर येऊन आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. ते न ऐकता त्याला चहा पाजून निरोप देण्याचा हक्क तुमचा आहे. ओरिसाच्या १९६७ च्या व मध्य प्रदेशाच्या १९६८ च्या धर्मांतरविषयक कायद्यांनी बळजबरीच्या व्याख्येत दैवी कोपाची धमकीही घातली. म्हणजे नरकाविषयी बोलणारा मनुष्य पोलिसाच्या हाती जाऊ शकतो. हे ऐकून आपल्यापैकी काहींना बरे वाटते. आम्हांस वाटत नाही. जो कायदा आज शेजाऱ्यासाठी काढला जातो त्याचे दुसरे टोक आपल्या दीक्षा समारंभाकडे वळलेले असते. एप्रिल २०२४ मध्ये गुजरात सरकारच्या गृहखात्याने परिपत्रक काढून कळविले की बौद्ध धर्म हा वेगळा धर्म असल्याने हिंदू धर्मातून त्यात येणाऱ्यानेही जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेतली पाहिजे. ज्या हक्काने १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोक उभे राहिले, त्यासाठी आता अर्ज लिहावयाचा! नरकाच्या भीतीला उत्तर विचाराने द्यावयाचे असते. फौजदारी कलमाची त्यात गरज नाही. आणि हेही विसरू नका की १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जाती म्हणून बौद्धांचा समावेश १९९० साली झाला, तेव्हा ख्रिस्ती झालेला आपलाच भाऊबंद बाहेर राहिला. त्याचा देव वेगळा झाला, पण गावाने त्याची जात त्याच्यापाशीच ठेवली.

शेवटी घरातील गोष्ट. आपल्यातील काही उत्साही तरुण अलीकडे असे बोलू लागले आहेत की जे नातेवाईक अजून खंडोबाला जातात ते कायमचे बुडाले, त्यांच्या मयतीला जाऊ नये, त्यांच्या हातचे खाऊ नये. त्यांच्याशी वाद घाला, त्यांना पुस्तके द्या, मरीआईचा नवस का व्यर्थ आहे ते समजावून सांगा; त्यात कुचराई करू नका. परंतु त्यांना नरकात धाडण्याचा अधिकार तुम्हांस कोणी दिला? झेवियरची माणसे आपल्या आईबापांसाठी रडत होती. आपल्या मामाने आपल्यामुळे रडावे काय?

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात दीक्षेपूर्वी वारलेल्यांची नावे घेतली तर चालतात काय, असे नवदीक्षित कुटुंबांतून वारंवार विचारले जाते. अवश्य घ्यावीत. आजीचे नाव घ्या, तिच्या आईचे ठाऊक असेल तर तेही घ्या. त्रिसरण-पंचशील झाल्यावर तिने काय काय केले ते मुलांना सांगा, आणि तिच्या नावाने वस्तीतील एखाद्या मुलाच्या वह्यांची सोय करा. फोटो नसेल तर नसू द्या. बहुतेकांच्या आज्यांचे फोटो नाहीत.